आमची वाटचाल : बुडबुड्यापासून मुलाम्यापर्यंत

आमच्या पत्रकावर दोन कामं लिहिलेली असतात : सांडपाण्यासाठी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) आणि कमी घर्षणाचं निकेल प्लेटिंग, म्हणजे धातूवर निकेलचा मुलामा. नवीन पार्टी आली की पहिला प्रश्न ठरलेला, या दोन्हींचा संबंध काय? काहींना वाटतं, दोन भावांचे दोन धंदे एका छपराखाली आणलेत. तसं नाही. पहिल्या कामातल्या एका अडचणीने दुसरं काम आमच्या गळ्यात घातलं आणि आज पोट दुसऱ्यावरच जास्त चालतं.

सुरुवात दुरुस्तीपासून झाली. ब्लोअर, पंप, टाकीवर फिरणाऱ्या एरेटरचे गिअरबॉक्स, झिजलेले शाफ्ट, सगळं यायचं. दुरुस्तीवाल्याचा एक फायदा असतो : दुसऱ्याने बनवलेलं यंत्र शेवटी कशाने मरतं, हे त्याला फुकटात बघायला मिळतं. बेअरिंगमध्ये पाणी कुठून शिरलं, डिफ्यूझरचं (टाकीच्या तळाशी बारीक भोकांतून हवा सोडणाऱ्या भागाचं) रबर कुठे कडक झालं, भोकांवर पांढरे क्षार कसे चढले. यंत्र विकणाऱ्याला हे सहसा दिसत नाही, त्याचा माणूस बिल होईपर्यंतच साइटवर असतो.

एरेशनचं मूळ गणित थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. १९१४ मध्ये मँचेस्टरला अर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं की सांडपाण्यात हवा सोडून जो गाळ तयार होतो तो फेकायचा नाही, पुढच्या पाण्यासाठी ठेवायचा. त्यातले जिवाणूच काम करतात आणि ज्याला आठवडे लागत ते तासांत होतं. आजही बहुतेक प्रकल्प याच पायावर चालतात. पण जिवाणूंना ऑक्सिजन लागतो आणि पाण्यात तो विरघळतो फारच थोडा. २० अंशांना स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात जिवाणूंची भूक वाढते नेमकी तेव्हाच पाण्याची धारण करण्याची ताकद घटते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. हे सगळं ब्लोअरने ढकलायचं, त्यामुळे प्रकल्पाच्या विजेतला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा एरेशनच खाते.

बुडबुडा बारीक केला की भागतं, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. तेवढ्याच हवेचे निम्म्या व्यासाचे बुडबुडे केले तर एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो, शिवाय ते सावकाश वर येतात. म्हणून रबराच्या पातळ पडद्याचे, १ ते ३ मिलिमीटरचा बुडबुडा देणारे डिफ्यूझर सगळीकडे बसले. विजेच्या हिशोबात त्यांना हरवणं अवघड आहे, आम्हीही हरवू शकत नाही, हे पार्टीला पहिल्याच भेटीत सांगतो. पण तेलकट पाण्यात ते रबर फुगतं किंवा कडक होतं, क्षारी पाण्यात भोकं बुजतात, आणि बदलायचं म्हटलं तर टाकी रिकामी करावी लागते. ज्याच्याकडे एकच टाकी आहे त्याने ती रिकामी करायची कशी?

आमचं गिऱ्हाईक तेच होतं. त्यांच्यासाठी आम्ही जेट एरेटर बनवायला घेतला : पंप पाणी नोझलमधून जोरात सोडतो, गळ्यापाशी दाब पडतो, तिथे हवा आपोआप ओढली जाते आणि पाण्याच्या झोताने फाटून तिचे बारीक बुडबुडे होतात. सगळा सांगाडा क्रेनने वर उचलता येतो, टाकी भरलेलीच राहते. कल्पना जुनीच, व्हेंच्युरीचं तत्त्व अठराव्या शतकातलं आहे. आम्ही फक्त गळा वेगळा काढता येईल असा केला, म्हणजे झिजला तर तेवढाच बदलायचा.

चाचणी मात्र आम्ही हट्टाने दोनदा घेतो. आधी स्वच्छ पाण्यात : सोडियम सल्फाइट टाकून ऑक्सिजन शून्यावर आणायचा (१ ग्रॅम ऑक्सिजनला साधारण ८ ग्रॅम लागतं, सोबत चिमूटभर कोबाल्टचा क्षार), मग यंत्र चालू करून डीओ मीटरवर (विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर) चढण बघायची. नंतर पार्टीच्या खऱ्या पाण्यात. साबण आणि डिटर्जंट असलेल्या पाण्यात तोच बुडबुडा निम्म्याने कमी ऑक्सिजन देतो, कधी त्याहूनही कमी. कॅटलॉगमधले आकडे स्वच्छ पाण्याचे असतात. खोटे नसतात, पण तसं पाणी साफ करायला कोणी प्रकल्प बांधत नाही! एका पार्टीने आमच्या पुढ्यात दुसऱ्याचा कॅटलॉग ठेवून ‘यांचा आकडा तुमच्या दुप्पट आहे’ म्हणून ऑर्डर तिकडे दिली. ठीक आहे, असं होतं.

खरी अडचण गळ्यात होती. सांडपाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. जिथे हवा पाण्याला भिडते तिथे तो निघून जातो, त्या जागी पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बसायला लागतं. म्हणजे क्षार पाइपभर सारखे बसत नाहीत, बरोबर त्या बोटभर पट्ट्यातच बसतात जिथे आम्हाला व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत सांभाळायचा असतो. त्यात केस आणि धागे अडकले की हवा ओढणं मंदावतं. स्टेनलेस पॉलिश करून पाहिलं, प्लास्टिकचा गळा करून पाहिला. प्लास्टिकवर क्षार कमी धरत, पण वाळूने त्याची चाळण व्हायची.

वाट दाखवली एका साइटच्या ऑपरेटरने. तो म्हणाला, “साहेब, मी दिवसातून एकदा पंप पाच मिनिटं बंद करतो. परत लावला की पापुद्रे निघून येतात, मशीन पुन्हा ओढायला लागतं.” पंप थांबला की पाणी हवेच्या नळीत मागे चढतं, थर भिजतो, पुन्हा झोत आला की त्याच्या कडा सुटतात. त्याच्या गळ्यावर थर अर्धवट सुटलेला दिसला : जिथे खरडल्याची रेघ होती तिथे तो घट्ट होता, गुळगुळीत जागी नखाने निघाला. क्षार बसूच नयेत असं करता येणार नाही, पण बसलेले धरून राहू नयेत असं करता येईल, हे तिथेच ठरलं.

असा पृष्ठभाग तयार मिळतो : निकेलच्या थरात टेफ्लॉनचे कण. दोन्ही गोष्टी शोधायला निघालेल्यांना मिळालेल्या नाहीत. १९३८ मध्ये रॉय प्लंकेटला गॅसच्या सिलिंडरमध्ये पांढरी भुकटी सापडली, ते टेफ्लॉन. आणि ब्रेनर व रिडेल हे दोघे विजेने प्लेटिंग करत असताना वजनात निकेल विजेच्या हिशोबापेक्षा जास्त भरलं. जास्तीचं निकेल द्रावणातल्या हायपोफॉस्फाइट नावाच्या रसायनामुळे विजेशिवायच बसत होतं. १९४६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वीज नसल्यामुळे हा मुलामा कोपऱ्यात, भोकात, आतल्या वळणावर सगळीकडे सारख्या जाडीचा बसतो. आमच्या गळ्याला नेमकं हेच हवं होतं.

बाहेरून करून घ्यायला गेलो तर छोटे जॉब कोणी मनावर घेईना, म्हणून स्वतःचा बाथ, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाची टाकी, लावला. टेफ्लॉनचा थर निसरडा खरा, पण मऊ, वाळूपुढे टिकत नाही. म्हणून खाली जास्त फॉस्फरसच्या कडक निकेलचे २० ते २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि वर टेफ्लॉनवाल्या निकेलचे थोडे मायक्रॉन. नुसतं निकेल ४०० अंशांवर तापवलं की बरंच कडक होतं, पण वर टेफ्लॉन असेल तर ती सोय संपते, ते ३०० च्या आसपासच खराब व्हायला लागतं. आणि खालचा थर आधी तापवून घ्यावा, तर हवा लागून निकेलचा पृष्ठभाग सुस्त होतो, वरचा थर सोलून निघतो. आमचा नियम साधा आहे : जॉब पहिल्या बाथमधून निघाला की धुऊन ओलाच दुसऱ्यात गेला पाहिजे. त्या वेळी प्लेटरला कोणी हाक मारायची नाही, फोनही नाही.

गंमत म्हणजे इथेही बुडबुडाच आडवा आला. निकेल बसताना हायड्रोजन सुटतो. बंद भोकात तो अडकून राहिला की तेवढी जागा कोरी. जॉब कोणत्या कोनात टांगायचा, कुठे हलकं हलवायचं, हे आमच्या पोरांनी चटकन पकडलं, कारण बुडबुडा कुठे थांबतो आणि कुठून पळतो हे ते आधीपासून बघत आले होते. टेफ्लॉनच्या बाथमध्ये आम्ही ढवळायला हवा मुळीच सोडत नाही, फेस होतो आणि कणांच्या गुठळ्या होतात.

पेटंटच्या वेळी वकिलाने आधीच बजावलं की अर्ज दाखल होईपर्यंत प्रदर्शनात काही मांडू नका, नावीन्यच जाईल. गळा जुना, मुलामा जुना. अर्जात दावा केला तो जोडणीचा : बदलता गळा, ठरावीक पट्ट्यावर मुलामा, आणि पंप ठरावीक वेळाने थांबवून थर सोडवण्याचं चक्र. बाथची रीत मात्र अर्जात घातली नाही. नोझल कोणीही विकत घेऊन खोलू शकतो, त्यामुळे ते लपवून उपयोग नाही. मुलामा खोलून बाथ कळत नाही. ज्याची नक्कल बघून होते त्याचं पेटंट घ्यावं, बाकीचं तोंड बंद ठेवून सांभाळावं, असं माझं मत आहे.

त्यानंतर व्हॉल्व्हवाले आले, मोल्डवाले आले, ज्यांचा सांडपाण्याशी काही संबंध नाही असे.

प्लेटिंगने आमच्याच दारात अवघड सांडपाणी आणलं, हेही सांगायला हवं. या बाथमधलं निकेल सेंद्रिय आम्लांनी बांधलेलं असतं, नुसता चुना टाकून पुरतं खाली बसत नाही. हायपोफॉस्फाइट आधी ऑक्सिडाइज करावं लागतं, तेव्हा फॉस्फरस पकडीत येतो. निकेल काढल्याशिवाय ते पाणी जिवाणूंच्या टाकीत सोडलं तर अमोनिया खाणारे आधी मरतात. म्हणून आमच्याकडे बाथचा दर ठरवताना तो संपल्यावरचा खर्च आधीच धरलेला असतो. दर ऐकून काही पार्ट्या परत जातात.

२०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी पीएफएएस या निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला, टेफ्लॉनही त्याच गटात मोडतं. तेव्हापासून आम्ही शेजारीच बोरॉन नायट्राइडच्या कणांचा दुसरा बाथ चालवतो. तो टेफ्लॉनइतका निसरडा नाही, क्षार त्यावरून तितक्या सहज सुटत नाहीत, पण वर ४०० अंशांची उष्णता सोसतो, त्यामुळे थर कडक करता येतो. वाळू जास्त असलेल्या साइटना आता तोच देतो आणि पंप थांबवण्याचं चक्र जरा जवळजवळ लावतो. तेलकट, चिकट पाण्यासाठी अजून टेफ्लॉनच.