फोन बरोबर ३२ सेकंदांनी का तुटत होता

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची इंटरनेट टेलिफोनी माझ्याकडे आली, तेव्हा तक्रार एकच होती. "अहो सर, पार्टी ऑर्डर सांगत असते आणि मधेच फोन बंद होतोय की ओ," मालक अण्णा म्हणाले. इंटरनेटची लाइन खराब आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. मी घड्याळ लावून पाहिलं. समोरच्याने फोन उचलल्यापासून ३२ सेकंदांनी कॉल तुटायचा, दर वेळी. लाइन खराब असती तर तो कधीही तुटला असता.

एसआयपीत, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्या-तोडण्याच्या नियमावलीत, हा आकडा ओळखीचा आहे. तिच्या २००२ च्या आरएफसी ३२६१ या प्रमाण दस्तऐवजात टी१ नावाचा टायमर ५०० मिलिसेकंदांचा धरलाय. त्याच्या ६४ पट म्हणजे ३२ सेकंद. फोन उचलला की पलीकडचा सर्व्हर '२०० ओके' पाठवतो आणि 'अ‍ॅक'ची, म्हणजे पोचेची, वाट बघतो. ती आली नाही तर २०० ओके पुन्हा पुन्हा पाठवतो आणि शेवटी 'बाय' पाठवून कॉल मिटवतो. आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने वेगळ्या वाटेने जातो, म्हणून तोवर बोलणं अगदी स्वच्छ चालतं.

मग २०० ओके येतो आणि अ‍ॅक जात नाही, हे कसं? मला एसआयपी आवडतं ते इथेच. उत्तर 'व्हाया' हेडर (संदेशाच्या माथ्यावरची एक ओळ) वाचत, विनंती आली त्याच सर्व्हरांवरून उलटं परततं. अ‍ॅक मात्र 'रेकॉर्ड-रूट' या हेडरमध्ये लिहिलेल्या पत्त्यांवरून जाते. कारखान्यात कमेलिओ नावाचा एक प्रॉक्सी, म्हणजे एसआयपीचे संदेश पुढे पोचवणारा सर्व्हर, होता, दुसरा पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये आणि त्याच्यामागे टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारं अ‍ॅस्टेरिस्क. एसआयपीचे संदेश दाखवणारं एसएनग्रेप लावून कॉल उघडला तर पुण्याच्या प्रॉक्सीने रेकॉर्ड-रूटमध्ये १० ने सुरू होणारा आपला आतला, खासगी पत्ता लिहिलेला! सोलापूरचा प्रॉक्सी इमानेइतबारे त्याच पत्त्यावर अ‍ॅक सोडत होता, आणि असा पत्ता इंटरनेटवर सापडत नाही. कारखान्यातून फोन ठेवला की जाणारा 'बाय'ही तिथेच हरवायचा.

पुण्याच्या कमेलिओला कोणत्या पत्त्यावर ऐकायचं हे सांगणाऱ्या दोन 'लिसन' ओळी दिल्या. बाहेरच्या ओळीत अ‍ॅडव्हर्टाइज लिहून सार्वजनिक पत्ता जोडला, आतली ओळ अ‍ॅस्टेरिस्कसाठी ठेवली. आता तो दोन रेकॉर्ड-रूट लिहितो, एक बाहेरच्या बाजूचा आणि एक आतल्या. जेवणाच्या सुट्टीत रीस्टार्ट केला. अ‍ॅक पोचली. कॉल होल्डवर टाकून परत घेतला, दोन्ही बाजूंनी फोन ठेवून पाहिला, सगळं जागेवर.

पुढे पुण्यात दुसरा प्रॉक्सी उभा केला आणि डीएनएसमध्ये एसआरव्ही नोंदी, म्हणजे कॉल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे सांगणाऱ्या नोंदी, टाकल्या. त्यात प्रायॉरिटीचा लहान आकडा आधी धरतात, म्हणून मुख्य सर्व्हरला १० आणि राखीवला २० दिला. मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून अण्णांच्या टेबलावरून फोन लावला. रिंग यायला थोडा उशीर झाला, पण कॉल राखीववरून लागला.