आमची वाटचाल : जाणारी तार, येणारी तार

आमच्या पाटीवर दोन चित्रं आहेत, एक बल्ब आणि एक मोटार. घरची वायरिंग आणि गाडीची वायरिंग एकाच दुकानात कशी, असं नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं. सुरुवातीला ती एका दुकानात नव्हतीच. मी घरगुती कामं करायचो, धाकटा भाऊ गाड्यांची. शेजारीशेजारी दोन गाळे, मध्ये भिंत. तो म्हणायचा, "दादा, तुझं बरंय, घर काही खड्ड्यांतून पळत नाही." मी म्हणायचो, गाडीच्या बारा व्होल्टला भितो कोण!

कामाची पद्धत मात्र दोघांची सारखीच होती, आणि वाईट होती. ज्याचा संशय येईल ते बदलायचं. स्विच बदल, होल्डर बदल, रिले बदल. दहांतली सहा कामं अशी होऊनही जातात, म्हणून तर ही खोड सुटत नाही.

माझी खोड एका खोलीने मोडली. पंखा बंद, दिवा बंद, सॉकेट बंद. टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. दोन्हीकडे फेज, म्हणजे वीज घेऊन जाणारी तार! मी सॉकेट बदललं, स्विच बदलला, मग बोर्डाच्या मागे डोकं घालून बसलो. दुपार गेली. शेवटी कंटाळून पंख्याचा आणि दिव्याचा स्विच बंद केला, तर दुसऱ्या भोकातला टेस्टर विझला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जंक्शन बॉक्समध्ये न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, जोड सुटला होता. फेज पंख्याच्या वाइंडिंगमधून पार होऊन पलीकडच्या न्यूट्रलवर येऊन थांबली होती, कारण पुढे परतायला वाटच नव्हती. जोड हातात घेतला तर पिळलेली तार काळी पडलेली, वरची टेप कडक होऊन कुरकुरीत झालेली. नीट साफ करून पाच मिनिटांत काम झालं. बदललेल्या स्विच-सॉकेटचे पैसे मी लावले नाहीत. लावायला तोंडच नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भावाकडे एक गाडी आली. सेल्फ मारला की नुसता टक आवाज. त्याने नवी बॅटरी घातली, तरी टक. सेल्फ उतरवून ब्रश बदलले, तरी तेच. बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. मी सहज त्याच्या गाळ्यात गेलो होतो. म्हटलं, जाणारी तार तू तपासलीस, येणारी तपासलीस का? तो वैतागला. "गाडीला कुठली येणारी तार? बॉडीच अर्थ असते, परतीची वाट तीच." पण त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली, दुसरी इंजिनच्या धातूवर, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे पाव-अर्धा व्होल्टच्या वर काही दिसायला नको. दिसले तीनच्या वर. इंजिन आणि चॅसिसला जोडणारी विणीची पट्टी वरून शाबूत होती, पण टोकाचा लग, म्हणजे धातूची कडी, सोलला तर आत हिरवी पावडर. नवी पट्टी लावली, गाडी पहिल्या झटक्यात चालू. ती नवी बॅटरी आम्ही काढून घेतली आणि मालकाची जुनीच परत बसवली.

त्या वर्षीच आम्ही मधली भिंत पाडली.

तेव्हापासून गिऱ्हाइकाचं ऐकताना कान परतीच्या वाटेकडे असतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो, असं कुणी म्हटलं की आम्ही बल्ब बदलत नाही, आधी टेल लॅम्पची अर्थ पाहतो. घरात एका खोलीतले दिवे भगभगीत आणि दुसऱ्या खोलीतले मलूल होत असतील, तर आम्ही फोनवरच मेन स्विच बंद करायला सांगतो. थ्री-फेज जोडणीत मुख्य न्यूट्रल सुटली की काही सॉकेटवर व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढतं. तिथे आमची वाट बघत बसण्यात अर्थ नसतो.

या सगळ्यात आरसीसीबीच्या, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या, तक्रारी मला विशेष आवडतात. बायकोला हे विचित्र वाटतं. एका घरी जड काही चालू केलं की आरसीसीबी पडायची. घरच्यांनी हुशारीने एकेक एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, बंद करून पाहिली होती. सगळ्यांवर संशय, सापडत कुणीच नाही. कारण साधं आहे. साधी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. न्यूट्रल कुठे अर्थला टेकली असेल, तर परतीचा थोडा करंट त्या चोरवाटेने निघून जातो. जाणारा आणि येणारा करंट यांत 30 मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की घरातली आरसीसीबी आपलं काम करते. ती बिघडलेली नसते. तिला बदलायला निघालेले लोक पाहिले की जीव तुटतो.

तिथे मेन बंद करून मी न्यूट्रल लिंकवरच्या, म्हणजे सगळ्या न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवरच्या, सगळ्या तारा मोकळ्या केल्या, प्लग काढून घेतले आणि 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, एकेक तार अर्थशी तपासली. चौथी जवळजवळ शून्य. ती तार माग काढत एका पत्र्याच्या बोर्डापर्यंत गेली. प्लेटचा स्क्रू जरा लांब होता आणि त्याच्या टोकाने काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, तारेचं इन्सुलेशन चावलं होतं. भोक मोहरीएवढं.

आमच्या हातूनही नुकसान झालंय. गाडीच्या कामाला ठेवलेल्या मुलाने सारखा उडणारा 10 अँपिअरचा लाल फ्यूज काढून 30 चा हिरवा घातला. फ्यूज टिकला, डॅशबोर्डमागची वायर वितळली. निम्मा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, आम्हाला पदरमोड करून भरावा लागला. मुलाला बोललो नाही, कारण तीच चूक मी घरच्या कामात केली होती. एमसीबी पडते म्हणून मोठी बसवली होती. फ्यूज काय, एमसीबी काय, दोन्ही मुळात वायरची राखण करतात, हे आम्ही दोघांनी आधी सांगायला हवं होतं.

आता उडणाऱ्या फ्यूजच्या जागी आम्ही 21 वॅटचा बल्ब लावतो. घरगुती कामातली सिरीज लॅम्पची युक्तीच, गाडीच्या मापाची. शॉर्ट असेपर्यंत बल्ब भक्क पेटतो, आणि करंट दोन अँपिअरच्या आत राहत असल्याने काही जळत नाही. मग हार्नेस हाताने हलवत जायचं. जिथे बल्ब मंदावतो, तिथे थांबायचं. बहुतेक वेळा ती जागा डिकीच्या झाकणाजवळच्या रबरी नळीत निघते, उघडझापीने वायर तिथेच पिचते. हे काम आता तोच मुलगा करतो, आणि आमच्यापेक्षा भरभर.

धंदा म्हणून सगळ्यात अवघड गेलं ते शोधाचे पैसे वेगळे मागणं. "नुसता स्क्रू आवळला आणि त्याचे एवढे?" हे वाक्य आम्ही अजून ऐकतो. पण बिलावर 'शोध' आणि 'दुरुस्ती' असे दोन रकाने केले, सापडलेली जागा गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवायला लागलो, तसा कटकटीचा सूर उतरला. काढलेला जळका तुकडा आम्ही पिशवीत घालून देतो. काही जण तो परत आणून देतात, म्हणतात, तुमच्याकडे ठेवा, दुसऱ्याला दाखवायला होईल. अशा तुकड्यांनी एक बरणी भरलीय. हिरवी पावडर झालेली ती पट्टी त्यात सगळ्यात खाली आहे.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला आणि हायब्रिड गाड्यांच्या नारिंगी केबलला आम्ही हात लावत नाही. भाऊ सध्या त्याचंच शिक्षण घेतोय. परवा रात्री वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, या नारिंगी केबलवाल्या गाड्यांत हाय व्होल्टेजची परतीची वाट बॉडीतून जातच नाही. तिचीही वेगळी केबल असते." मी म्हटलं, म्हणजे माझ्या घरासारखं. तो हसला आणि वहीत ते लिहून घेतलं.