आधी जागा बघा

शाळेचा विषय निघाला की मला जीवशास्त्राच्या बाईंच्या रानातल्या सहली आठवतात. जनावर क्वचितच दिसायचं, पण त्याची विष्ठा वाटेवर हमखास सापडायची आणि बाई सगळ्या वर्गाला तिच्याभोवती उभं करायच्या. नाक मुरडणाऱ्यांवर त्या कधी रागावल्या नाहीत. "हात लावू नका, काडी घ्या," एवढंच म्हणायच्या. विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात, म्हणून वाळलेलीसुद्धा नाकाजवळ न्यायची नाही, हा त्यांचा नियम.

नाव सांगायची घाई त्यांना चालत नसे. आधी जागा, मग आकार, मग आत काय आहे ते. वन्यजीव पाहणीच्या कामात मी आजही याच क्रमाने जातो. वाटेच्या मधोमध पीळ पडलेली, टोकाला निमुळती, केसांनी भरलेली विष्ठा असली तर ती मांसाहाऱ्याची. बिबट्या हद्द दाखवायला मुद्दाम वाटेवरच करतो. खडकावर किंवा आडव्या खोडावर नुसत्या फळांच्या बिया दिसल्या, तर बहुधा उदमांजर. नीलगाय पुन्हापुन्हा त्याच जागी येते, त्यामुळे लेंड्यांचा ढीग साचतो. ढिगावरून कळप केवढा ते ठरवू नये. तरस हाडंही पचवतं, म्हणून त्याची विष्ठा वाळल्यावर खडूसारखी पांढरी पडते.

सशाच्या लेंडीवर तर बाईंनी अख्खा तास घेतला होता. गोल, किंचित चपटी, वजनाला हलकी; काडीने फोडली की आत गवताचा भुसा. ससा मऊ लेंड्याही टाकतो, पण त्या लगेच स्वतःच खातो आणि पहिल्या खेपेला हाती न लागलेलं पोषण दुसऱ्या खेपेला मिळवतो. आपल्याला सापडतात त्या कोरड्या. हे ऐकून वर्गात हशा पिकला. बाई मात्र फळ्यावर सशाचं आतडं काढत राहिल्या, आणि चित्र पुरं होईपर्यंत सगळे गप्प होऊन वहीत उतरवून घेत होते.

आता विष्ठेच्या बाहेरच्या थराला चिकटलेल्या आतड्याच्या पेशींतून डीएनए मिळतो आणि नेमका कोणता वाघ, हेही सांगता येतं. शिकार कोणाची झाली, ते केस सूक्ष्मदर्शकाखाली धरले की कळतं. प्रयोगशाळेसाठी मी थोडाच नमुना उचलतो. बाकीचा तिथेच राहू देतो, कारण ती त्या जनावराची हद्दीची खूण असते आणि ती पुसायची नाही, हे बाईंनी आम्हाला पहिल्याच सहलीत सांगितलं होतं.