ताशी २५ पौंड

इंग्लंडात लीड्सला पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) येऊन सात महिने झाले. थंडीबद्दल लिहिणार नाही, ते सगळ्यांचं लिहून झालंय. पण कालपासून डोक्यात एकच भुंगा आहे.

मधुमेहाच्या पेशंटांना रोज चालतं करायचं, असा कार्यक्रम आखणं हे आमचं काम. डॉक्टर म्हणतात चाला, पेशंट म्हणतात हो, आणि चालत कोणीच नाही. का, ते शोधायला कॉम-बी नावाची २०११ची चौकट वापरतात: क्षमता आहे का, संधी आहे का, इच्छा आहे का. फोनवर आईला समजावलं, तर म्हणाली, "क्षमता आहे, इच्छाही आहे. इंदिरानगरातली आपल्या गल्लीतली कुत्री कुठल्या रकान्यात टाकतेस?" संधीच्या, आई.

तर काल माझी प्रश्नावली आम्हाला सल्ला देणाऱ्या पेशंटांच्या गटापुढे ठेवली. एका निवृत्त बस ड्रायव्हर काकांनी (इथे नावानेच हाक मारायची असते, मला अजून जमत नाही) पहिलं पान वाचलं, पालथं ठेवलं आणि म्हणाले, "पाय बरे आहेत माझे, हे वाचून डोकं दुखायला लागलं." दोन महिने घातले होते मी त्या पानावर! आणि हे सांगायचे काकांना पैसे. ताशी २५ पौंड, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वर. एनआयएचआर, म्हणजे इथल्या आरोग्य-संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतलाच दर आहे तो. बसभाडं वेगळं. फॉर्मवर सही माझीच.

वर आमच्या प्रमुख बाईंनी ऐकवलं, की ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्यांना आखणीत घ्यायचं, हे एमआरसीच्या (इथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२१च्या मार्गदर्शिकेत गाभ्याचं म्हणून सांगितलंय. मग मीही ऐकवलं. आमच्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघरी पोचवली, नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले, आणि ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं १९९९ साली! बाई मनापासून "वा" म्हणाल्या. मग विचारलं, "तुझ्या पीएचडीच्या वेळी तू कोणाला विचारलं होतंस?"

विचारलं होतं की. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर घरोघर फिरले होते. प्रश्न विचारले; प्रश्न बरोबर आहेत का, हे नाही विचारलं. पण बजेटमध्ये मानधनाचा रकानाच नव्हता, आणि पैसे दिले तर आमिष ठरेल, असं संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीचं म्हणणं. शिवाय त्या बायकांनी पैसे घेतलेच नसते. निदान मला तसं वाटतं. इथल्यासारखं मिनिटं मोजत कोणी बसत नाही आपल्याकडे.

एका आजीने तर तासभर उत्तरं देऊन वर नागलीची भाकर खाऊ घातली. निघताना तिने विचारलं होतं, हा कागद कुठे जातो. मी म्हटलं, "वर जातो, आजी."

प्रबंधाच्या परिशिष्ट तीनमध्ये गेला.