फेरो बेटं: ऐयीच्या फोटोला भुलू नका

पाण्याला खेटलेलं फुटबॉलचं मैदान, मागे उभा डोंगर. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या ऐयी गावाचा हा फोटो तुम्हीही पाहिला असेल. मी तो पाहूनच तिकीट काढलं. पोचलो तर मैदानात ओळीनं कॅम्पर गाड्या, आणि एका गाडीच्या आरशाला वाळत घातलेले मोजे. तिथला खेळ केव्हाच बंद झालाय, जागा कॅम्पिंगला दिलीय. फक्त मैदानासाठी ऐयीला जाऊ नका.

दुसरा फटका भाड्याच्या गाडीचा. समुद्राखालच्या बोगद्यांना टोल आहे, पण टोलनाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल मागाहून येतं. माझ्या बिलात टोलवर वेगळं शुल्कही चढवलं होतं. किल्ली घेण्याआधीच टोलचा हिशेब लिहून घ्या. बेटांमधल्या बसेस चांगल्या आहेत, त्यांनीच फिरा.

तोफ्तिर गावचं स्वांगास्कार मात्र चुकवू नका. डोंगर फोडून केलेलं मैदान. गाडी वर लावली आणि दार उघडताच वाऱ्यानं ते हातातून हिसकावलं. दोन्ही हातांनी धरा, बिजागरी तुटली तर खर्च तुमच्याच माथी. गावातून चालत आलात तर शेवटचा चढ वारा अंगावर घेतच चढायचा. छत्री आणूच नका.

हे मैदान का बांधलं, ते कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला. १२ सप्टेंबर १९९० ला फेरोनं आपल्या पहिल्याच स्पर्धात्मक सामन्यात ऑस्ट्रियाला १-० हरवलं. गोल तोर्किल निल्सेनचा, गोलकीपर गोंड्याची पांढरी टोपी घातलेला येन्स मार्तिन क्नुडसेन. पण हा ‘घरचा’ सामना झाला स्वीडनमधल्या लान्सक्रोनात, कारण बेटांवर चालण्याजोगं गवताचं मैदानच नव्हतं!

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघत वाढलो, त्यामुळे राजधानी तोर्शाव्हनच्या गुंदादालुर मैदानात परकं वाटलंच नाही. एचबी आणि बी-३६ हे गावातले दोन वैरी क्लब तिथे एकाच मैदानावर खेळतात. शेजारीच राष्ट्रीय संघाचं तोर्सवोलुर. ग्रीस २०१५ मध्ये, तुर्की २०२२ मध्ये इथेच हरले, दोघेही २-१ ने. देशाची वस्ती जेमतेम ५० हजारांवर!

एकच दिवस असेल तर तो गुंदादालुरला द्या. क्लाक्सविक गावालाही गेलो, छान आहे. हंगाम साधारण मार्च ते ऑक्टोबर. सामन्याची तारीख पाहूनच विमान ठरवा, आणि परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. धुक्यानं विमानं अडकतात.