चौकात अडकलो आणि फ्रँकफर्टला पोचलो

साताऱ्याहून स्वारगेट आणि तिथून औंधला काकांचं घर. यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन म्हणून ‘आयुका’, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था, सगळ्यांना खुली असते, तेवढ्यासाठी आलो होतो.

काकांच्या गाडीतून निघालो आणि विद्यापीठ चौकाच्या अलीकडे असे अडकलो, की पुढच्या पीएमटीच्या पाठीवरची जाहिरात पाठ झाली. इथला उड्डाणपूल २००६ चा. मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडला. चौदा वर्षांत पूल मोडीत! मी तावातावाने बोलत होतो. (पुण्याच्या रस्त्यांवर चिडायला पुणेकरच असावं लागतं असं थोडंच आहे?)

“आमचा टॉवर निदान चाळीस वर्षं टिकला,” काका म्हणाले.

काका फ्रँकफर्टला शिकायला होते. तिथल्या विद्यापीठाचा ‘एएफई टॉवर’, १९७२ चा, ११६ मीटर उंच. नुसतं उघडं, करडं काँक्रीट. गंमत म्हणजे शिक्षणशास्त्राच्या ज्या विभागासाठी तो बांधला, तो इमारत पुरी होण्याआधीच बरखास्त झाला. टॉवरला नाव मात्र त्याचंच राहिलं.

“आणि लिफ्ट! माझी अर्धी डिग्री लिफ्टची वाट बघण्यात गेली. मधल्या मजल्यावर उभं राहायचं, दार उघडायचं, आत मुंगी शिरायला जागा नाही.”

२०१३ मध्ये विद्यापीठाने टॉवर सोडला. २ फेब्रुवारी २०१४, रविवार सकाळ, सुमारे ९५० किलो स्फोटकं. बघायला हजारो माणसं जमली होती. काकांनी हँडब्रेक ओढला आणि फोन माझ्यापुढे धरला. आधी बाहेरचा भाग खाली बसतो. जिन्या-लिफ्टचा मधला गाभा क्षणभर एकटाच उभा असतो, मग तोही जातो.

“बघ! शेवटच्या दिवशीसुद्धा लिफ्ट उशिरा!”

मी हसलो. त्यांनी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला. इतक्या शिव्या घातलेल्या इमारतीचा व्हिडिओ एवढा जपून का ठेवलाय, हे विचारणार होतो. तेवढ्यात मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

आयुकात तुफान गर्दी. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची ती काळ्या दगडाची, बैठ्या धाटणीची वास्तू मला शास्त्रज्ञांच्या भाषणांपेक्षा जास्त आवडली, काय करणार. काका भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, “शहाणा माणूस. मजले चढवले नाहीत.”

परतताना त्यांनी चौकाचं नावही काढलं नाही. खडकीकडून वळसा पडला, पण गाडी चालत तरी होती.