तुम्ही विचारलंत म्हणून: मॉरिशसने पगार भरले कुठून?

मे महिन्यात चिपळूणला आलो की कुठल्या ना कुठल्या लग्नात हा प्रश्न ठरलेला. पहिल्यांदा तो थोरल्या मामांनी विचारला, २०२२ साली. "काय रे, तुमच्या त्या मॉरिशसला म्हणे लोक घरात बसून होते नि सरकार पगार देत होतं? एवढंसं बेट ते. पैसा आणला कुठून?" मामांची बाजारपेठेत खानावळ होती. कोविडच्या टाळेबंदीत जी बंद झाली ती पुन्हा उघडलीच नाही, त्यामुळे प्रश्नात कुतूहलाइतकाच राग होता. मी आमरसाची वाटी पुढे ओढत "छापला" एवढंच म्हणालो. पंगत हसली, मामा हसले नाहीत.

उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं. तेव्हापासून भावंडांनी, शेजाऱ्यांनी, एकदा तर परशुरामाच्या घाटात टॅक्सीवाल्यानेसुद्धा तेच विचारलं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

मी २०१७ पासून मॉरिशसमध्ये एबेन शहरात एका हिशेबाच्या फर्ममध्ये पेरोल बघतो. म्हणजे दुसऱ्यांच्या कंपन्यांचे पगार काढायचे. राहायला वाक्वाला. घरमालकीण तिथलीच मराठी, म्हणजे जिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले त्यांतली. बोलते क्रिओल, गणपतीची आरती मात्र मराठीत, तोंडपाठ. तिला सगळे 'तांतिन' म्हणतात, म्हणजे मावशी-काकू जे काय ते. मीही तेच म्हणतो.

१८ मार्च २०२०च्या संध्याकाळी तिथे पहिले ३ रुग्ण जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी सीमा बंद, २० तारखेपासून टाळेबंदी. तिथला शब्द 'कॉन्फिनमाँ'. आठवड्याभरात सुपरमार्केटं आणि बेकऱ्याही बंद केल्या. ज्या देशात सकाळ पावाशिवाय होत नाही तिथे बेकऱ्या बंद! एप्रिलच्या सुरुवातीला दुकानं उघडली ती आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे. ए ते एफवाल्यांनी सोमवार-गुरुवार, जी ते एनवाल्यांनी मंगळवार-शुक्रवार, उरलेल्यांनी बुधवार-शनिवार. घरटी एकाने जायचं, ओळखपत्र दाखवायचं, अर्ध्या तासात बाहेर. तांतिनचं आडनाव बी-चं, माझं के-चं. एका छपराखाली आम्हाला आठवड्याचे चार दिवस मिळाले आणि गल्लीत आमचा भाव वधारला. लोक यादी आणून द्यायचे.

आता पगारांचं. मार्च संपायच्या आत योजना आली, वेज असिस्टन्स स्कीम. ज्यांचा मूळ पगार ५०,००० रुपयांपर्यंत (मॉरिशसचे रुपये, तेव्हा एकाचे आपले जवळजवळ दोन व्हायचे) त्यांच्यासाठी मालकाने कर खात्याकडे ऑनलाइन अर्ज करायचा. मार्चसाठी १५ दिवसांचा पगार, माणशी जास्तीत जास्त १२,५००. एप्रिलपासून पूर्ण महिन्याचा, कमाल २५,०००. पैसे मालकाच्या खात्यात, तिथून कामगाराला. फेरीवाले, न्हावी, गवंडी, टॅक्सीवाले यांच्यासाठी वेगळी योजना, त्यात महिन्याला ५,१००.

हे चाललं कसं, तर जुनी नोंद होती म्हणून. मालक दर महिन्याला प्रत्येक कामगाराचं नाव, ओळखपत्राचा नंबर, पगार कर खात्याला कळवतच असतात. तो तक्ता आधीपासून होता. त्यामुळे नवीन यादी करायला, रांगा लावायला, सरपंचाचा दाखला आणायला लागलाच नाही. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून अर्ज भरत होतो आणि बहुतेकांचे पैसे काही दिवसांत येत होते. ज्यांची नोंदच नव्हती ते मात्र लोंबकळले. एका ग्राहकाकडे ३१ माणसं कामाला असताना कागदावर १९ होती. उरलेल्या १२ जणांचं काय करायचं म्हणून त्याने मला रात्री साडेअकराला फोन केला. मी काय सांगणार! इतकी वर्षं त्याने त्यांच्या नावाने सरकारकडे भरायचा मालकाचा वाटा वाचवला होता.

आणखी एक कलम मला मनापासून पटलं. ज्या कंपन्यांनी ही मदत घेतली आणि तरीही वर्षअखेर नफा दाखवला, त्यांच्याकडून लेव्ही लावून काही भाग परत घेतला. फुकटची मदत घेणारे काही ग्राहक त्या वर्षी एकदम गंभीर झालेले मी पाहिलेत.

पण आधी पगारच का? दवाखाने, रस्ते, शेती सोडून? तर २०१९ साली त्या बेटावर १३.८ लाख पर्यटक आले होते. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही कमी. घरच्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त, आणि ते एका रात्रीत शून्य झाले. आपल्याकडे त्याच दिवसांत मजूर मुंबईहून चालत गावाकडे निघाले होते. मॉरिशसमध्ये चालत जायला गावच नाही. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ६५ किलोमीटर. हॉटेलातला वेटर हॉटेलपासून अर्ध्या तासावर राहतो, ना परसात भातशेती ना कोठारात पोतं. खाण्याचं तीन-चतुर्थांशाहून जास्त बाहेरून जहाजाने येतं. पगार थांबला की दुकान थांबतं, दुकान थांबलं की आयात करणारा थांबतो. तिथे तिजोरीतलं पहिलं नाणं पगारावर गेलं यात मोठेपणापेक्षा भूगोल जास्त आहे.

आता मामांचा खरा प्रश्न. कर आटले होते. २०२० साली अर्थव्यवस्था जवळजवळ १५ टक्क्यांनी आकसली. मग संसदेने मे महिन्यात कायदा बदलला आणि मध्यवर्ती बँकेने, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारख्या बँक ऑफ मॉरिशसने, सरकारला ६० अब्ज रुपये दिले. परत न करण्याच्या बोलीवर. देशाचं वर्षाचं सगळं उत्पन्न तेव्हा ५०० अब्जांच्या आसपास होतं, त्यावरून आकडा किती मोठा ते कळेल. शिवाय त्याच बँकेने जूनमध्ये मॉरिशस इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली आणि तिच्यासाठी आणखी ८० अब्ज बाजूला ठेवले, अडचणीतल्या मोठ्या उद्योगांना भांडवल द्यायला. त्यात हॉटेलंच पुढे होती.

म्हणून 'छापला'. पण नोटांचं यंत्र फिरलं असं नाही. बँकेने आपल्या वहीत सरकारच्या नावावर जमा लिहिली, एवढंच. हे कुणालाही करता येत नाही. मॉरिशसला करता आलं कारण बँकेकडे वर्षभराहून जास्त आयात भागेल इतकं परकीय चलन साठलेलं होतं, आणि ते साठलं होतं गेल्या कित्येक वर्षांच्या पर्यटकांमुळे आणि तिथे पैसा ठेवणाऱ्या परदेशी कंपन्यांमुळे. ज्या घरात पेव भरलेलं असतं त्याला वाणी उधार देतो, तसं.

इथे माझं मत सांगतो. पगारांच्या पैशाबद्दल मला कधी शंका वाटली नाही. त्यातल्या प्रत्येक रुपयापुढे एका माणसाचं नाव आणि नंबर होता, मी स्वतः भरलेला. ८० अब्जांच्या कंपनीबद्दल मात्र तेव्हाही वाटली, आजही वाटते. कुणाला किती, कुठल्या अटीवर, हे संसदेत विचारलं की गोपनीयता पुढे यायची. वेटरच्या १२,५०० रुपयांचा हिशेब कर खात्याच्या पडद्यावर आणि हॉटेलमालकाच्या अब्जांचा हिशेब कपाटात, हे कसं? २०२१ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही सांगितलं की मध्यवर्ती बँकेने ही कंपनी स्वतःकडे ठेवू नये. घाईत केलेल्या औषध-उपकरणांच्या खरेदीवर सरकारच्या लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले ते वेगळंच. सरकारी विमान कंपनी एप्रिल २०२० मध्येच प्रशासकांच्या हाती गेली होती. पुढच्या वर्षी तिला उभं करायला १२ अब्ज मोजले. बेटाला विमान हवंच, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आणि हे सगळं कमी होतं म्हणून जुलै २०२०च्या शेवटी वाकाशियो नावाचं जपानी मालकीचं जहाज आग्नेयेला खडकावर चढलं. ६ ऑगस्टपासून तेल गळायला लागलं, हजारेक टन. सरकार हलायच्या आत माएबूरच्या किनाऱ्यावर माणसं जमली. उसाची वाळलेली पानं कापडात कोंबून लांबलचक गाद्या शिवल्या आणि त्या पाण्यात सोडून तेल अडवलं. तांतिनचा नातू दोन दिवस जाऊन आला, हात कोपरापर्यंत काळे. त्या वेळी त्याचा पगार सरकार देत होतं, हॉटेल बंदच होतं. एका अर्थी सरकारने पोसलेल्या माणसांनीच सरकारचं काम केलं. २९ ऑगस्टला पोर्ट लुईत जो मोर्चा निघाला तेवढी गर्दी मी तिथे त्याआधी पाहिली नव्हती.

लशीचं सांगायला मला आवडतं, कारण ती पुण्याची होती. जानेवारी २०२१ मध्ये भारताने कोव्हिशील्डचे १ लाख डोस पाठवले आणि २६ जानेवारीला टोचणी सुरू झाली. ऑफिसात मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो, जणू पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या लशीच्या कारखान्यात मीच बाटल्या भरल्या. पुढच्या लशींसाठी सरकारने जूनच्या अर्थसंकल्पात इंधनावर लिटरमागे २ रुपये लावले. लशी टोचून झाल्या तरी पेट्रोलच्या किमतीच्या तक्त्यात ती ओळ कितीतरी दिवस राहिली. तात्पुरता कर म्हणजे तात्पुरती टपरी, एकदा लागली की लागली.

सावरलं का? सावरलं, पण सरळ रेषेत नाही. मार्च २०२१ मध्ये दुसरी टाळेबंदी. १ ऑक्टोबरला लस घेतलेल्यांसाठी दारं पुरती उघडली आणि त्याच सुमारास डेल्टाची लाट आली. वर्षभर जे बेट जवळजवळ कोरं राहिलं होतं तिथे त्या दोन महिन्यांत आमच्या गल्लीतून तीन अंत्ययात्रा गेल्या. पर्यटक २०२१ साली १.८ लाख, २०२२ साली १० लाखांच्या जवळ, २०२३ साली जवळजवळ १३ लाख. हॉटेलं उघडली तेव्हा माणसं जागेवर होती, ही पगार-योजनेची खरी कमाई. नातू ज्या स्वयंपाकघरातून गेला त्याच स्वयंपाकघरात परत आला.

एक मजा सांगतो. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला श्रीमंत देशांच्या यादीत घातलं, २०१९च्या आकड्यांवरून. विमानतळ बंद, जहाज खडकावर चढायच्या बेतात आणि आम्ही श्रीमंत! पुढच्या जुलैत नाव काढलं.

बिल मात्र आलं. सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांच्या घरात गेलं. रुपया घसरला. २०२० च्या सुरुवातीला डॉलरला ३६-३७ होता, दोन वर्षांत ४३-४४. हे मला कुणी शिकवायला नको. मी दर महिन्याला आईला तिथले १०,००० पाठवतो. आधी तिच्या खात्यात साडेएकोणीस हजार पडायचे, २०२२ मध्ये साडेसतराच्या आसपास. आईला वाटलं, मी हात आखडला. ज्या देशात तीन-चतुर्थांश अन्न बोटीने येतं तिथे रुपया पडला की तेल, दूध, डाळ सगळं चढतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये महागाईवरून काही वस्त्यांत रस्त्यावर जाळपोळही झाली. छापलेला पैसा फुकट नव्हता, तो सगळ्यांच्या पिशवीतून थोडाथोडा वसूल झाला. कर लावला असता तर निदान कुणाकडून किती ते ठरवता आलं असतं.

शेवटचा हप्ता पेन्शनचा. मॉरिशसमध्ये तेव्हा ६० वर्षांच्या प्रत्येकाला सरकार पेन्शन देत होतं, गरीब-श्रीमंत न बघता. २०१९च्या निवडणुकीनंतर ती ९,००० केली होती आणि साथीतही थांबवली नाही. तांतिनचं घर त्या काळात तिच्या पेन्शनवर आणि नातवाच्या पगारावर चाललं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकार बदललं. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या सरकारने सांगितलं, तिजोरीत काही उरलेलं नाही, पेन्शनचं वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ वर नेणार. तांतिनच्या मुलाला साठ व्हायला थोडंच राहिलं होतं. उभं आयुष्य त्याने उसाचे ट्रक चालवले, गुडघे गेलेत.

त्या रविवारी तो माझ्याकडे वही घेऊन आला. "तू पगाराचा माणूस, माझं किती गेलं ते काढून दे." आम्ही टेबलाशी बसलो, तेच टेबल. महिने मोजले, पेन्शनने गुणलं, खाली रेघ मारून आकडा लिहिला. तो बराच वेळ बघत बसला. तांतिन डाळपुऱ्या लाटत होती. तिथूनच म्हणाली, "वर पोराचे ते सतरा-अठरा महिन्यांचे पगार पण लिहा." मुलगा वैतागला. म्हणाला, ते त्याचे, हे माझे. तरी मी ते वर लिहिले, वेगळ्या शाईने. वही अजून माझ्याकडेच आहे, मामा. येत्या मेमध्ये घेऊन येतो.